पाणी मागायचं नाही

ज्यांच्या हातात डॉक्टरांनी नुकतीच खूण केलेली बाटली दिली आहे आणि "दिवसभरात एवढंच" असं बजावलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. बाकीच्यांनीही वाचावं, पण वाचता वाचता त्यांना उठून पाणी प्यावंसं वाटेल. खुशाल प्यावं, माझी काही हरकत नाही.

मी इंदूरच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. शाळा बडा गणपतीजवळ, घर जुनी इंदूरमध्ये, वय बावन्न. सत्तावीस वर्षं मी मुलांना रांगेत उभं केलं, आणि कवायत चालू असताना कुणी पाणी मागितलं की त्याला मैदानाची एक फेरी मारायला लावली. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून माझे जुने विद्यार्थी हसले तर तो त्यांचा हक्क आहे.

निकाल

पावलं सुजत होती. मोज्यांचे वळ संध्याकाळपर्यंत जात नसत. बीपीच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं मनाला येईल तशा घेतल्या होत्या, कारण पी.टी.च्या मास्तराला कसलं बीपी? सुषमा, माझी बायको, मागे लागली म्हणून तुकोगंजमधल्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत, डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल.

मी विचारलं, "शनिवारी शाळेत स्पोर्ट्स डे आहे, तो उरकून आलो तर चालेल का?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. सुषमानं टेबलाखाली माझा हात धरला. तो हात माझाच आहे असं मला वाटेना. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. पोहताना कानात पाणी जातं आणि काठावरच्यांचं बोलणं लांबून ऐकू येतं, तसं काहीतरी झालं होतं. ते पुढे सात महिने तसंच राहिलं. खाली रस्त्यावर आल्यावर मी उसाचा रस घेतला, दोन ग्लास. सुषमानं घेतला नाही. न मोजता आणि न लपवता प्यायलेलं माझं ते कितीतरी महिन्यांसाठी शेवटचं.

घरचा नियम

माझी तहान समजायला आमच्या घरचा एक नियम सांगावा लागेल.

आम्ही बौद्ध. वडील फौजेत होते आणि निवृत्तीनंतर महूलाच राहिले. माझ्या आजीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, गावात असताना कधी विहिरीला हात लावला नव्हता. लांब उभं राहून मागायचं, कुणाला वाटलं तर तो वरून ओंजळीत ओतायचा, नाही वाटलं तर उभंच राहायचं. मुलाला क्वार्टर मिळाल्यावर ती महूला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं की या घरातलं माणूस यापुढे कुणाकडे पाणी मागणार नाही. आपलं पाणी आपल्याजवळ ठेवायचं.

आजी गेली, नियम राहिला. मी कुठेही जाताना बाटली घेऊनच जातो. लग्नात, रेल्वेत, सासुरवाडीलासुद्धा. घरातही मी कधी "पाणी दे" म्हटलेलं नाही, उठून स्वतः घेतो. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सुषमा ग्लास घेऊन दारात यायची तेव्हा मी माठापाशी उभा राहून पीत असायचो. माहेरी जाऊन तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं की नवरा फार गुणी आहे, काहीच मागत नाही.

त्याच्या जोडीला बाबांची गोष्ट होती. वाळवंटातल्या सरावात जवानाला दिवसाला एकच बाटली पाणी मिळायचं, आणि बाबा संध्याकाळी परत यायचे तेव्हा त्यांची बाटली अर्धी भरलेली असायची. ही गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. मन मारणं हे आमच्या घराण्यात आहे असं मी धरून चाललो होतो. तंबाखू मी एका दिवसात सोडली होती, ती याच जोरावर.

सोमवार, बुधवार, शुक्रवार

सकाळी सातला युनिटमध्ये हजर व्हायचं. आधी वजन. दोन डायलिसिसच्या मधे लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच साठतं आणि काट्यावर दिसतं. जेवढं वाढलं तेवढं मशीन चार तासांत ओढून काढतं. जास्त साठलं असेल तर ओढताना पायात असे गोळे येतात की मोठा माणूस आई गं म्हणून ओरडतो.

आमचे टेक्निशियन राजेशजी. पोटाला टेकेल इतकी लांब मिशी असती तरी शोभली असती असा भारदस्त माणूस, आणि आवाज मात्र मऊ. "आओ भिया, काट्यावर या," म्हणायचे. भिया म्हणजे इंदुरी भाऊ. मराठी त्यांना शेजाऱ्यांमुळे यायची. हाताला सुई लावताना ते कालच्या मॅचबद्दल बोलायचे, म्हणजे आपलं लक्ष तिकडे राहतं. मला त्याची गरज नव्हती. सुई टोचायची, पण त्याचं काही वाटायचं नाही.

एक कबुली इथेच देतो. माझ्या शेजारच्या पलंगावर एक पेन्शनर काका असायचे. एका बुधवारी ते आले नाहीत, शुक्रवारीही नाही. काय झालं ते मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं की तो खिडकीजवळचा पलंग आता मला मिळेल का. मिळाला.

आठशे मिली

मला दिवसाला आठशे मिली ठरवून दिलं होतं. त्यात चहा, डाळ, दही, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं आलं.

तहान म्हणजे घसा कोरडा पडणं, असं मी समजत होतो. तसं नाही. पहिल्या आठवड्यानंतर तहान घशात राहतच नाही, ती डोक्यात जाते. मी टीव्हीवरच्या बातम्यांत फक्त पूर बघायचो. शेजारी कुणी नळ सोडला की तो बंद होईपर्यंत मला दुसरं काही सुचत नसे. बाकी सगळं बधिर आणि एवढी एकच गोष्ट जिवंत. कधी कधी तर वाटायचं की ही तहानसुद्धा गेली, तर माझ्यात उरेल काय?

सुषमानं घरातलं मीठ कमी केलं, कारण मीठ तहान वाढवतं. पण इंदुरात शेव नसलेला पदार्थ शोधून दाखवा! पोह्यावर शेव, भाजीवर शेव, शिवाय वरून जीरावनची चिमूट. जीरावन हा आमच्याकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, त्यात निम्मं काळं मीठच. हे मला पुरतं माहीत होतं.

आणि मी चोरून प्यायला लागलो. सुरुवात चूळ भरण्यापासून झाली. चूळ भरताना थोडं आत गेलं तर गेलं. मग आंघोळ करताना शॉवरखाली तोंड उघडून उभा राहायला लागलो. ते मी पिणं धरतच नव्हतो. मी स्वतःला सांगायचो की आंघोळ चालली आहे. माझी स्वतःची बाटली दिवसभर माझ्याच हाताशी असायची. दुपारी ती रिकामी झाली की मी ती थोडीशीच भरायचो, आणि हे थोडंसं दोन-तीनदा व्हायचं.

युनिटमध्ये एक समुपदेशक बाई होत्या, कोल्हापूरकडच्या, नुकत्याच नोकरीसाठी इंदूरला आलेल्या. आमची हिंदीमिश्रित मराठी ऐकून त्यांना गंमत वाटायची. त्यांनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त तहान कधी लागते? आणि त्या वेळी पाणी कुठे असतं?"

"माझ्याजवळच. बाटली सोबत असतेच ना."

"मग तुम्ही दिवसभर स्वतःशी कुस्ती खेळताय. कुणीही दमेल. मनाचा जोर सकाळी असतो तेवढा दुपारी राहत नाही. बाटली दुसऱ्या कुणाकडे ठेवा. हवं तेव्हा मागून घ्या."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्यात पाणी मागत नाहीत."

त्यांना काही कळलं नाही, आणि मीही समजावून सांगितलं नाही. मनात म्हटलं, माझ्या बापाची बाटली संध्याकाळी अर्धी उरायची, या मला काय शिकवणार!

सुषमाची किडनी

सुषमानं मला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. एका संध्याकाळी कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "जुळतंय अहो. माझी एक घ्या."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक "बरं" म्हणालो असेन.

डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. सुषमाची साखर काठावर होती आणि वजन जास्त. तिनं सहा किलो कमी करायचे, गोड बंद. ती एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि गोडाची इतकी वेडी की लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला वाढपी तिची पाठ सोडत नाही. तिनं दुसऱ्या दिवसापासून पहाटे बागेत फेऱ्या सुरू केल्या. माझ्यासाठी अट अशी की दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलोंपेक्षा जास्त वाढता कामा नये. अंगात पाणी साठून माझं हृदय फुगायला लागलं होतं. ते सावरलं नाही तर ऑपरेशनची भूल मला झेपणार नाही. म्हणजे प्रत्यारोपण रद्द.

कोट

हिवाळा होता. मी युनिटला जाताना बाबांचा जुना फौजी कोट घालायचो. वजन कोटासकट व्हायचं, कारण सकाळी थंडीनं हुडहुडी भरलेली असायची, आणि मग राजेशजी विचारायचे, "भिया, कोट किती का?"

पहिल्यांदा मी अंदाजानं म्हटलं, "साडेतीन किलो." राजेशजींनी तेवढं वजा करून लिहिलं. फौजी माणसाचा मुलगा, शाळेत मास्तर, मी खोटं का बोलेन? घरी येऊन मी कोट आमच्या काट्यावर टाकला. सव्वादोन भरला.

पुढच्या वेळी मी पुन्हा साडेतीनच सांगितलं.

डायलिसिस संपल्यावरचं वजन मी स्वतः बघून मोठ्यानं सांगायचो, राजेशजी तेव्हा पुढच्या पेशंटच्या गडबडीत असायचे. म्हणजे एक खोटं टिकवायला दर वेळी दुसरं बोलावं लागायचं. कागदावर मी आदर्श पेशंट झालो. सव्वा किलो पाणी मात्र मशीननं कधी ओढलंच नाही, कारण ते आहे हे मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुषमा कागद बघून खूश व्हायची. "देखा, म्हटलं होतं ना, तुम्ही करून दाखवाल!" शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. तेही बधिरच होतं.

मग एक रविवार आला. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात मोठं. सकाळी सुषमा बागेत गेली आणि मी कोपऱ्यावर जाऊन पोहे खाल्ले, वर दुप्पट शेव आणि जीरावन. फक्त आज, असं म्हणून. नंतर घरी येऊन माठातून ग्लास भरून घेतला. तो शेवटचा, असं ठरवून. असे चार शेवटचे झाले.

दुपारी जेवायला बसताना मला श्वास पुरेना. झोपलो की बुडल्यासारखं व्हायचं, बसलो की थोडं बरं वाटायचं. ओठ काळे पडले. सुषमानं शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. गाडीत मी अंगावर कोट ओढून घेतला होता हे मला आठवतं. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

काटा

रविवार असूनही राजेशजींना बोलावून घेतलं. ऑक्सिजन, मशीन, धावपळ. पावणेपाच किलो पाणी काढलं गेलं. मी शुद्धीवर होतो. सगळं बघत होतो, पण टीव्हीवर दुसऱ्याचं काही चाललंय तसं.

संध्याकाळी जरा स्थिरावल्यावर राजेशजी जुने कागद उलगडून बसले. "भाभीजी, हे जमत नाहीये. कागदावर तो दोन किलोसे ऊपर कधी गेलेच नाहीत. इतकं पाणी आलं कहां से?"

 सुषमानं माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीवरच्या कोटाकडे. उठली, कोट घेतला, घडी घातली आणि काट्यावर ठेवला.

सव्वादोन.

राजेशजींनी आकडा वाचला आणि मान खाली घातली. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "भिया, मैंने तो आपको ही पूछा था ना." आणि बाहेर निघून गेले.

सुषमा पलंगाजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "मी साखर सोडली. पहाटे उठून गुडघे दुखवून घेतले. तुम्ही काय सोडलं?"

मी पांघरूण छातीवर ओढून घेतलं.

"दोनच आहेत माझ्याकडे. त्यातली एक तुमच्या खोट्यात घालवू का? सांगा ना, घालवू?"

डॉक्टरांनी प्रत्यारोपण तीन महिने पुढे ढकललं. तीन महिन्यांनी हृदयाची पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही असंच असेल तर मग नाही. सुषमा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मुलीचा हैदराबादहून फोन आला की ती फोन घेऊन गच्चीवर जायची.

महू

मी एक दिवस बाबांकडे गेलो. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, ताठ, एकटे राहतात. अंगणात खुर्च्या टाकून बसलो आणि मी सगळं सांगितलं. कोटाचंही. कोट त्यांचा होता, म्हणून सांगणं भाग होतं.

शेवटी म्हटलं, "बाबा, तुमची बाटली अर्धी कशी उरायची? माझ्यात ते आलंच नाही."

बाबांनी चपलेनं पायाखालची माती सारखी केली. मग म्हणाले, "ती माझी बाटली माझ्याकडे नसायची रे."

"म्हणजे?"

"सेक्शनचा, म्हणजे आमच्या तुकडीचा कायदा होता. अपनी बोतल अपने पास नहीं. माझी मारुतीच्या कमरेला, त्याची माझ्या. मारुती म्हणजे साताऱ्याचा गडी, पाटलाच्या घरचा. प्यायचं तर त्याच्याकडे मागायचं, त्यानं माझ्याकडे. नाहीतर नऊ वाजेतो सगळे जवान पिऊन मोकळे व्हायचे."

"आणि तुम्ही मागायचात?"

"पहिल्या दिवशी नाही मागितलं. आईनं शपथ घातलेली, कसं मागणार? दुपारी चक्कर येऊन पडलो. मारुतीनं माझी बाटली उघडली, आधी स्वतः तोंड लावून एक घोट घेतला, मला दिसेल असा. मग मला दिली. म्हणाला, अब मांग लिया कर, मरेगा तो मेरी बोतल कौन उठाएगा?"

बाबा हसले. डोळे पुसले की नुसतेच चोळले ते मला कळलं नाही.

"मग रोज मागितलं. पण लाज वाटायचीच. त्यालाही वाटायची. म्हणून उरायचं. कंट्रोल-बिंट्रोल काही नाही."

"मग आम्हाला असं का नाही सांगितलं?"

"आजी जिवंत होती ना तुझी. तिच्यासमोर कसं सांगू की मी मागून प्यायलो?"

अदलाबदल

घरी येऊन मी माझी बाटली, आठशेच्या खुणेपर्यंत भरून, सुषमापुढे ठेवली. बाबांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठली, पर्समधून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. उघडला तर आत तिळाची गजक, निम्मी संपलेली.

"लायब्ररीच्या ड्रॉवरमध्ये होती," ती म्हणाली. "रोज एकच तुकडा, म्हणजे... दोन. वजन उतरतंय ते चालण्यानं. साखरेचं मला पण टेन्शन आहे. तुम्हाला इतकं बोलले ना, मग मला झोप नाही आली."

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. आजारपणात त्या घरात हसू ऐकल्याचं मला दुसरं आठवत नाही. डबा माझ्या कपाटात गेला, बाटली तिच्या पर्समध्ये. समुपदेशक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुषमाला एकच सूचना दिली: नवऱ्यानं मागितल्याशिवाय द्यायचं नाही, विचारायचंही नाही.

पहिल्या दिवशी मी दुपारी चारपर्यंत मागितलं नाही. जीभ टाळूला चिकटली होती. सुषमा इस्त्री करत होती. मी दोनदा तिच्या जवळ जाऊन परत आलो. बावन्न वर्षांत जे शब्द तोंडातून काढले नव्हते ते काढायचे होते, आणि समोर लग्नाची बायको होती, परकं कुणी नव्हतं. तरी घाम फुटला. आजी दारात उभी राहून बघते आहे असं वाटत होतं.

"पाणी दे," म्हटलं. आवाज किरटा आला, माझ्या ओळीतल्या मुलांचा यायचा तसा.

तिनं इस्त्री उभी केली, बाटली दिली. दोन घोट घेऊन मी परत केली. ती पुन्हा कपड्यांकडे वळली, जणू मी रोजच मागत होतो.

हे वाचणाऱ्यांच्या कामाचं काही असेल तर एवढंच. मागायला गेलं की मधे एक माणूस येतं, आणि त्याच्यापर्यंत चालत जाताना कळतं की ही तहान आहे का दुसरंच काही. माझी निम्मी तहान म्हणजे कंटाळा होता, आणि उरलेल्यातली बरीचशी भीती. ते मला एकट्याला बाटलीजवळ बसून कधीच कळलं नसतं. पंधरा दिवसांत मागायची लाज गेली, पण संध्याकाळी बाटलीत थोडं उरायला लागलं ते तसंच राहिलं. का, ते मला नीट सांगता येत नाही.

दोनदा घसरलो. एकदा शाळेच्या नळावर, एकदा आंघोळीत. दोन्ही वेळा काट्यावर चढायच्या आधी राजेशजींना सांगितलं. कोट मी आता दाराबाहेरच्या खुंटीला टांगायचो आणि कुडकुडत वजन द्यायचो. तिसऱ्या आठवड्यात राजेशजी म्हणाले, "पहन लो भिया, कोटाचं वजन मला आता पाठ झालंय."

तीन महिन्यांनी हृदयाची तपासणी झाली. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, जमेल.

तीन लिटर

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा पलंगाला लटकवलेल्या पिशवीत लघवी भरत होती. नर्सनं ती मला दाखवली, लोक नवीन बाळ दाखवतात तशा कौतुकानं. मी "अच्छा" म्हटलं.

मग डॉक्टरांचा नवा हुकूम आला की आता पाणी प्यायचं. भरपूर, दिवसाला तीन लिटर, नवी किडनी धुऊन निघाली पाहिजे. हाताशी काठोकाठ भरलेली बाटली ठेवून नर्स गेली. सात महिने मी जिची स्वप्नं बघितली ती बाटली हातभर अंतरावर होती आणि मला तिला हात लावावासा वाटेना. नर्स दर तासाला येऊन रागवायची, मग ग्लास ओठाला लावायची, मी तेवढं प्यायचो.

चौथ्या दिवशी सुषमाला मला भेटायची परवानगी मिळाली. तोंडाला मास्क, एक हात कुशीवर, कमरेत वाकलेली, पाच पावलांना एकदा थांबत ती आली. तिलाही भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, तिची बाटली तिच्या हातात होती. स्टुलावर टेकून तिनं दम घेतला. कशी आहेस, असं मी विचारणार होतो. पण तिनं आपली बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि माझी उचलून मांडीवर घेतली.

"पाणी दे," मी म्हटलं.

नर्स म्हणाली, "अंकल, दूसरी बोतल तो आपके सामने ही रखी है. आंटी को क्यों तकलीफ दे रहे हो?"

सुषमानं झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. मी प्यायलो. चार घोट, सहा, दहा, कुणी मोजत नव्हतं. पाणी गार होतं, ते छातीतून खाली जाताना मला कळलं, आणि मग मला रडू आलं. मोठ्यानं, नर्ससमोर. टाके दुखत होते, तरी थांबेना.

सुषमा थांबली. माझं रडणं ओसरल्यावर तिनं हात पुढे केला.

"आता माझी द्या," ती म्हणाली.